जोएलच्या शेजारची जागा

अक्रोडाच्या लाकडाची मी एक म्हातारी मतपेटी आहे, मित्रांनो. माझ्या पुढच्या अंगाला मूठ जाईल एवढे गोल तोंड आहे आणि त्यावर मखमलीचा विरलेला पडदा. या पडद्याआड किती माणसांनी हात घातला आणि आपले मन सोडून दिले! त्या हातांपैकी एकही आज उरलेला नाही.

ओहायोतल्या हॉलोवे मिल्स गावी, दाणेवाल्याच्या दुकानावरच्या माडीत, माजी सैनिकांची बंधुसभा भरत असे. उत्तर आणि दक्षिण यांच्या यादवी युद्धात जे उत्तरेकडून लढले, तेच तिचे सभासद. बापाची जागा मुलाला मिळत नसे. म्हणून त्या सभेचे आयुष्य माणसाच्या आयुष्याएवढेच होते. हे सर्वांना ठाऊक होते आणि तरुणपणी कोणालाच खरे वाटत नव्हते.

जोथम रीड या सुताराने मला घडवले. तोही त्या लढाईतून परतलेला. माझ्या वरच्या कप्प्यात त्याने पांढऱ्या गोट्या आणि काळे ठोकळे एकत्र ठेवले आणि खालच्या खणाला लोकरीचे जाड अस्तर लावले. नवा माणूस सभेत घ्यायचा असला की प्रत्येक जण माझ्यापुढे येई, सलाम करी, पडद्याआड हात घाली आणि एक वस्तू खणात सोडी. गोटी म्हणजे होकार, ठोकळा म्हणजे नकार, आणि एक नकार पुरे होई. तो कोणाचा, हे कोणी विचारायचे नाही, कोणी सांगायचे नाही, अशी शपथ होती.

"या पेटीसारखं तोंड मिटून बसणारं गावात दुसरं कोणी नाही," सभेचे अध्यक्ष ऑरिन पेक म्हणत. ते शाळामास्तर होते.

"आपल्या न्हाव्याला हिच्याकडे शिकवणीला पाठवा, मास्तर!" मागून कोणी तरी ओरडे आणि सारी माडी हसे.

इतका मान असूनही मला सुख नव्हते, कारण मला ठेवत त्याच फळीवर, माझ्या कुशीला लागून, सभेचा ढोल बसलेला असे. दर वर्षी मे महिन्यात, कबरींवर फुले वाहण्याच्या दिवशी, त्याला खाली नेत. मुले त्याच्या कातड्यावर गाल टेकवीत. बायका डोळे पुशीत. मी मात्र बंद माडीत खिडकीवरची माशी पाहत राही. उथळ पाण्याला खळखळाट फार, अशी मी स्वतःची समजूत घाली. त्याचे पोट रिकामे म्हणून तो गाजतो, माझे भरलेले म्हणून मी मुकी. पण समजुतीने हेवा जात नाही, मित्रांनो. तो लाकडातल्या किड्यासारखा असतो. वरची झिलई शाबूत राहते आणि आत भुसा होत जातो.

कदाचित म्हणूनच लेम व्हॉसचा हात मला पहिल्या स्पर्शातच ओळखू आला. तो माझ्याच जातीचा होता.

लेम घोड्यांचे साज शिवणारा कारागीर. त्याच्या बोटांना मेणाचा आणि कातड्याचा वास असे. गावात फळबाग असलेल्या ईलम डायरने सभेत येण्यासाठी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा खणात एकच काळा ठोकळा निघाला, आणि दोन्ही वेळा त्या ठोकळ्याला मेणाचा वास होता. त्या काळी माडी भरलेली असे. साठ माणसांत काळा ठोकळा कोणाचाच नसतो. ईलम खाली मान घालून जिना उतरून गेला, आणि लेमने त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत जाऊन त्याचे सांत्वनही केले.

याचे कारण एक कबर होती. ईलमचा थोरला भाऊ जोएल युद्धात तापाने गेला. त्याला गावी आणून टेकडीवर पुरले, आणि पुढे त्याच्याच भोवतीची जमीन सभेने आपल्या माणसांसाठी घेतली. जोएलच्या एका बाजूला कुंपण होते. दुसऱ्या बाजूला एकाच माणसापुरती जागा राखलेली होती. ती सभासदालाच मिळायची, आणि सभासदांत रक्ताचे नाते असेल तर त्याचा हक्क पहिला. लेमला त्या जागी निजायचे होते. युद्धात प्रत्येक शिपायाला अर्धाच तंबू मिळे. दोघांनी आपापले अर्धे बटणांनी जोडले की डोक्यावर छप्पर होई. लेम आणि जोएल यांचा एक तंबू होता. जोएलने शेवटचा श्वास घेतला तो लेमच्या मांडीवर. हे सारे लेम ढोलाचे पट्टे मेणवताना पुटपुटत असे. ढोलाशी बोले तो. माझ्याशी नाही.

वर्षे गेली. फुलांच्या दिवशी पूर्वी ही माणसे पायी चालत. मग मोटारी आल्या आणि म्हातारे त्यांत बसून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन टेकडीवर जाऊ लागले. सभेत येण्याजोगे कोणी उरले नव्हते, त्यामुळे मला कोणी खाली उतरवीना. माझ्या खणातले लोकरीचे अस्तर कसरीने खाल्ले. शेवटी सभेत तिघे राहिले. मास्तर ऑरिन, दृष्टी गेलेला जोथम आणि लेम, ज्याच्या धंद्यावर त्याच मोटारींनी माती टाकली होती.

अशात एका शरद ऋतूच्या दुपारी ईलमचा तिसरा अर्ज आला. तो स्वतः खाली दुकानात धान्याच्या पोत्यावर बसून होता.

"शंभर दिवसांचा शिपाई पुन्हा आलाय," लेम म्हणाला. ईलम युद्धाच्या अखेरीस, शंभर दिवसांच्या भरतीत गेला होता. "पुलावर बसून माशा मारल्या, आणि बिल्ला पाहिजे."

"माशा का होईना, मारल्या ना?" जोथम म्हणाला. "तू तर फौजेत खेचरांच्या लाथा खाल्ल्यास."

"शिस्त पाळा," मास्तर म्हणाले. "तिघंच असलो तरी सभा आहे ही."

"मग लवकर उरका, मास्तर. कॉफी निवतेय."

मला फळीवरून उतरवले, पुसले. कित्येक वर्षांनी माझ्या अंगावर माणसाचा हात फिरला. आणि मला एक गोष्ट कळून चुकली. ईलम सभेत आला, तर पंचक्रोशीत अर्ज करणारा कोणी उरत नव्हता. हे माझे शेवटचे मतदान ठरणार होते. तो नाकारला गेला, तर हट्टी म्हातारा पुढच्या वर्षी पुन्हा येईल आणि मला पुन्हा उतरवतील.

मास्तरांनी गोटी टाकली. ती खणात घरंगळत गेली. जोथमने चाचपून गोटी टाकली. तीही घरंगळली. मग मेणाचा वास आला. ठोकळा पडला आणि पडल्या जागी बसला. तेव्हा, मित्रांनो, माझा जीव भांड्यात पडला.

जोथमने मान किंचित माझ्याकडे वळवली.

मास्तरांनी खण उघडला आणि ते कितीतरी वेळ आत पाहत राहिले. तिघांत काळ्या ठोकळ्याला चेहरा फुटतो. आपले मत त्यांना ठाऊक होते, उरले दोघे. ते मृदू आवाजात म्हणाले, "जोथम, तुझ्या हातून चुकून तर..."

लेम खिडकीबाहेर पाहू लागला.

"अंधारातसुद्धा बोटांना कळावं म्हणून तर काळे चौकोनी केले होते मी," जोथम हसून म्हणाला. "पण असेल. म्हातारपणी बोटंही खोटं बोलतात. चूक माझीच समजा. काळा एकच असला आणि कोणी मागितलं, तर फेरमत घेता येतं ना, मास्तर? घ्या पुन्हा. आता अस्तर गेलंय, काय पडतंय ते मला इथपर्यंत ऐकू येतं."

लेमचे कान लाल झाले.

पुन्हा एक गोटी घरंगळली, पुन्हा दुसरी. मग लेमचा हात आत आला. त्याने ठोकळा उचलला. टाक, मी मनात म्हणाले, टाक. जोथम डोळे मिटून बसला होता, जणू त्याचे मिटणे न मिटणे निराळे होते. लेमने ठोकळा परत ठेवला, चाचपडत दुसरे काही घेतले आणि सोडले. ती गोटी खणाच्या टोकापर्यंत गेली, तिथे आपटली आणि पुन्हा थोडी मागे आली. इतका लांब आवाज माझ्या पोटात कधी झाला नव्हता.

ईलमला वर बोलावले. तो धापा टाकत आला. शत्रूच्या तोफा वितळवून ओतलेला तो ताऱ्याचा बिल्ला मास्तरांनी त्याच्या कोटाला टाचला. कॉफी आली, दगडासारखी बिस्किटे आली, जी या लोकांना युद्धातली आठवण म्हणून बुडवून खाण्याची हौस होती.

"चला," ईलम डोळे पुसत म्हणाला, "आता जोएलशेजारी निजायला हरकत नाही."

लेमने पेला आपटला. "ते काळे माझे होते. आजचाही. मागचे दोन्हीही."

"लेम! शपथ!" मास्तर ओरडले.

"शपथ गेली चुलीत."

"का रे?" ईलमने विचारले.

"ती जागा मला पाहिजे होती. तू त्याचा भाऊ असशील. त्याचा अर्धा तंबू मी होतो."

ईलम बराच वेळ बिस्कीट बुडवीत राहिला. ते विरघळून पेल्यात पडले तरी त्याला कळले नाही. "जोएल एकदाच रजेवर घरी आला," तो म्हणाला. "मी त्याच्यासाठी कोकरू पाळलं होतं. त्यानं बघितलंसुद्धा नाही. सारखं आपलं, लेम असं म्हणतो, लेम तसं करतो. हा लेम आहे तरी कोण, ते बघायला मी भरती झालो. तर मेल्यांनी पुलावर नेमलं. सगळा जन्म तुझा हेवा केला मी, थेरड्या."

"मग दे जागा."

"मुळीच नाही."

जोथमला हसू आवरेना. "जो आधी जाईल त्याची! दुसऱ्यानं खड्ड्याशी उभं राहून कुरकुर करायची."

यावर मत घेतील म्हणून मी आशेने वाट पाहिली. पण ते तोंडीच ठरले. मला फळीवर ठेवून दिले, ते कायमचेच.

त्यानंतर मी जे पाहिले, ते फळीवरून पाहिले. ज्याला आधी मरण येईल तो जिंकणार होता, म्हणून दुसऱ्याला आधी मरू न देण्यासाठी दोघेही कंबर कसून उभे राहिले.

"मफलर कुठंय तुझा?" माडीवर येताच लेम गुरकावे.

"तुला रे काय करायचंय?"

"खोकून आधी सटकायचा बेत दिसतोय. घाल हा."

बर्फात पाय घसरू नये म्हणून लेमने ईलमच्या बुटांना खिळे ठोकलेले कातडी पट्टे करून दिले. ईलम बागेतल्या सफरचंदांचा मुरांबा आणी आणि लेमने औषध घेतले की नाही, हे त्याच्या तोंडाचा वास घेऊन तपासून पाही. सासूनेही सुनेवर ठेवली नसेल अशी नजर दोघे एकमेकांवर ठेवून होते. मास्तर गेले. जोथम गेला. माडीवर दोनच खुर्च्या उरल्या, आणि त्या हिवाळ्यागणिक शेगडीच्या आणि एकमेकींच्या जवळ सरकत गेल्या. मला त्यांचाही हेवा वाटे. मला असे कोणी जपले नव्हते.

सफरचंदांना फुले आली त्या आठवड्यात ईलम गेला.

दफन आटोपून लेम एकटाच माडीवर आला. आता सगळी सभा म्हणजे तोच होता. त्याला जाब विचारणारे कोणी नव्हते. तो करार ऐकणारा दुसरा एकही माणूस जिवंत नव्हता. ती जागा स्वतःसाठी ठेवून ईलमला कबरस्तानाच्या फाटकापाशी पुरले असते, तरी कोणाला कळले नसते.

"लबाड!" तो म्हणाला. "झोपेत गेला. हाकसुद्धा मारली नाही." मग टोपी काढून तो खुर्चीत बसला. "जोएलच्या अगदी लगत ठेवलाय. खणणाऱ्याला दोनदा सरकवून खणायला लावलं. म्हटलं, मध्ये वाऱ्यालासुद्धा जागा नको." थोड्या वेळाने तो पुढे म्हणाला, "आता दोघांचा हेवा करायचा मी."

हे सारे तो माझ्याकडे पाहून बोलला. मीही त्याचे सारे ऐकून घेतले.

पुढच्या वर्षी लेमही गेला. त्याला फाटकापाशी जागा मिळाली. आता मी गावच्या वाचनालयात आहे. मुले येतात आणि माझ्या तोंडात सुपारीएवढे खडे, चिंगम, सफरचंदांचे देठ टाकून जातात.

त्यांचा मला राग नाही. मित्रांनो, तुमच्या ओळखीत कोणी म्हातारे माणूस असेल, तर थंडीत त्याच्या गळ्याशी काही आहे का, तेवढे पाहत जा. त्याच्यावर तुमची माया नसेलही. मनात असूया असेल, जुना दंश असेल. म्हणून थांबू नका. ऊब कोणत्या मनातून आली, याची चौकशी गारठा करीत नाही. आणि कधी माझ्यावर धूळ दिसली, तर पुसा. कोणत्या भावनेने पुसलीत, हे मी विचारणार नाही.