दानिएल साळवे, पायांना सूज

"तुमचा देव बहिरा हाय का वो बाई? रोज तीच सात नावं. एकदा सांगून कळत न्हाय व्हय त्याला?"

शेजारची गुरम्मा दारातच उभी होती, हातात ताटली, ताटलीत दोन कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. रिबकाबाईंनी डोळे उघडले नाहीत. पाचवं नाव चाललं होतं. मध्ये थांबलं तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. हा नियम देवाचा नव्हता, बाईंचाच होता.

"बहिरा नाही," सात पूर्ण झाल्यावर त्या म्हणाल्या. "त्याला कामं फार. आठवण द्यावी लागते."

"आमचा देव सिद्धरामबी तसलाच," म्हणत गुरम्मानं ताटली ठेवली.

चाळीस वर्षं नर्सची नोकरी केलेल्या रिबकाबाई हिवाळे आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या, आणि त्यांची प्रार्थनाही नर्सचीच होती. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला चार्ज द्यावा तशी: नाव, तक्रार, आज काय हवं. दानिएल साळवे, मूत्रपिंडं निकामी, पायांची सूज उतरू दे, भूक लागू दे. पुढचा पेशंट.

नावांची चिठ्ठी दर शनिवारी चर्चमधून यायची. शेवटची आली फेब्रुवारीत. त्यानंतर नव्या पाळकसाहेबांनी मोबाईलवर ग्रुप काढला, आजाऱ्यांची नावं तिकडं जाऊ लागली, आणि बाईंचा फोन बटणांचा. त्याच महिन्यात त्या मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली आणि चार महिने अंथरूण धरावं लागलं. नवी चिठ्ठी येत नाही म्हणजे मंडळीत नवं कुणी आजारी पडलेलं नाही, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. त्याचं थोडं श्रेय मनातल्या मनात स्वतःलाही दिलं होतं.

खुब्यानं चालणं नेलं, मोतीबिंदूनं विणकाम नेलं, आणि मुलाला नोकरीनं मस्कतला नेलं. उरलं होतं ते सकाळी पावणेसहाचं एवढं एक काम. ते तरी कुठं पोचतंय का, हे बाईंना एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. काल डॉक्टरांनी वॉकर घेऊन बाहेर जायला हरकत नाही म्हटलं, आणि आज त्यांनी भाकरी झाकून ठेवून मूगडाळीची खिचडी लावली. बिनमिठाची.

"कुटं निघालाव?" गुरम्मानं डबा बघून विचारलं.

"साळव्यांकडे. पेशंटला बघून येते."

"पेशंट तुमीच की."

"मी बरी झाले."

"मग आदी तुमच्या चर्चात जावा की."

"चर्च रविवारी. आज गुरुवार."

गुरम्मा काहीतरी कानडीत पुटपुटली आणि रिक्षा आणायला गेली.

कुमठा नाक्याजवळच्या साळव्यांच्या दोन खोल्यांचं दार तानाबाईंनी उघडलं. बाईंना बघून त्यांनी आधी वॉकरकडे पाहिलं, मग डब्याकडे.

"सलाम, तानाबाई. तुमच्या मालकांसाठी खिचडी आणलीय. मीठ नाही हं यात." बाई एक एक पाऊल टाकत आत आल्या आणि खिडकीजवळच्या कॉटवर टेकल्या. वॉकर तानाबाईंनी नेऊन भिंतीला लावला. कॉटवरची गादी गुंडाळलेली होती. "डायलिसिसला गेलेत का? गुरुवारचा वार असतो ना त्यांचा?"

तानाबाई उभ्याच राहिल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"बाई, तुमाला कुणी सांगितलं न्हाय?"

"काय?"

"ते गेले की. गुड फ्रायडेच्या आदल्या आठवड्यात. पाळकसाहेब म्हनले, रिबकाबाई अंथरुणावर हायत, आत्ताच नका सांगू, धक्का बसंल."

धक्का आता बसला. बाईंनी डबा मांडीवर घट्ट धरला. अडीच महिने. मातीआड गेलेल्या माणसाच्या पायांची सूज उतरू दे म्हणून त्या अडीच महिने रोज सांगत होत्या. परवा तर त्याला निदान अर्धी भाकरी जाऊ दे, असा हट्ट धरला होता.

"मी नाव घेत होते हो," त्या म्हणाल्या. "रोज. आज सकाळीसुद्धा. खुळी म्हातारी. वर ऐकणाऱ्याला हसू आलं असेल."

तानाबाई शेजारी येऊन बसल्या.

"कसं घेत हुता?"

"काय कसं?"

"नाव. कसं घेत हुता ते दावा की."

बाईंना लाज वाटली. तरी त्यांनी पाठ सरळ केली आणि सकाळच्याच आवाजात म्हटलं, "दानिएल साळवे. पायांना सूज. आज उतरू दे."

तानाबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "हितं आता कुणी घेतच न्हाय. मंडळीत म्हनतात, 'प्रभूत निजलेले बंधू'. पोरगा फोनवर म्हनतोय, 'ते झालं तवापासनं'. लोक नाव घ्यायला भितात. मला रडू येईल म्हनून." त्यांनी चष्म्याखालून डोळे पुसले. "रोज सकाळी कुणीतरी घेत हुतं. मला ठावंच न्हवतं."

त्यांनी बाईंच्या मांडीवरचा डबा काढून घेतला, चमचा आणला आणि खायला लागल्या.

"मीठ नाही त्यात," बाई म्हणाल्या.

"मीबी अजून बिनमिठाचंच करते. हातच जात न्हाय बरणीकडं." चार घास खाऊन त्यांनी डबा खाली ठेवला. "झोप मातर लागत न्हाय बाई. गोळी दिलीया, तिनंबी न्हाय. तुमी प्रार्थना करा की."

रिबकाबाईंनी डोळे मिटले. पन्नास वर्षांत त्यांना कधी शब्द शोधावे लागले नव्हते. नाव, तक्रार, काय हवं. आज तक्रार कशी सांगायची ते सुचेना. काय हवं तेही कळेना. सूज नव्हती, ताप नव्हता. पंखा घरघरत होता. बाहेर कुणीतरी बादली ओढत नेली. देवाला इतका वेळ ताटकळत ठेवायची बाईंना सवय नव्हती.

"तानाबाई साळवे," शेवटी त्या म्हणाल्या. आणि पुढं काही आलं नाही.

त्या तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळानं उजव्या खांद्यावर भार आला. आधी त्यांना वाटलं, तानाबाई रडतायत. पण श्वास संथ होता, आणि मग हलकंसं घोरणं ऐकू आलं.

अर्ध्या तासानं ये म्हणून सांगितलेला रिक्षावाला आला आणि त्यानं हॉर्न दिला. बाईंनी मोकळा हात खिडकीबाहेर काढून त्याला जा म्हणून खुणावलं. त्याला कळलं नाही. त्यांनी पुन्हा हात हलवला. तो गेला.

खुबा ठणकायला लागला होता. वीस मिनिटांपेक्षा जास्त एका जागी बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वॉकर भिंतीशी, हात पुरणार नाही इतका लांब. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकत कॉटच्या पायापर्यंत आली.

तानाबाईंचा चष्मा नाकावरून घसरून तिरका झाला होता. बाईंनी तो दोन बोटांनी अलगद काढला, काड्या मिटल्या, आणि ठेवायला जवळपास जागा दिसेना म्हणून हातातच धरून बसल्या.