तीन बोटांची उत्तरं

उत्तरं आधी आली.

विहिरीवर घसरली.
चुलीचा जाळ लागला.
गाईनं शिंग मारलं.

सोनईच्या मळ्यात भाकरी थापता थापता मालननं ही तीन उत्तरं लेकीला शिकवली. पुष्पी तेव्हा पाच वर्षांची. हात, गाल, कपाळ, असा क्रम होता. ती एकेक बोट उघडत म्हणायची. चुकली की मालन पुन्हा पहिल्यापासून म्हणवून घ्यायची.

"घरातलं भायेर गेलं तर तुझा बाप दोघींना बी ठिवायचा न्हाई."

प्रश्न मागून यायचे. शेजारची बनुबाई कुंपणावरून विचारायची, "पुष्पे, आईच्या हाताला काय गं झालं?"

"विहिरीवर घसरली."

"लईच घसरती बाई तुझी आई. आमी बी त्याच विहिरीचं पाणी भरतो."

हात मोडला होता. सरकारी दवाखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं : विहिरीवर घसरून. मालननंच तसं सांगितलं. तिचा नवरा कारभारी बाजूलाच उभा होता. तिची पिशवी धरून.

*

बहात्तर साल. मालन पुष्पीला घेऊन राहात्याला भावाकडे आली, त्याला वर्ष झालं होतं. नगरचे काकासाहेब वकील तिला समजावत होते.

"छळ शाबित झाला तर आधी वेगळं राहायचा हुकूम. मग दोन वर्षांनी घटस्फोट. पण पोरीचं आत्ताच ठरणार. कारभारीनं तिला मागितलंय."

"घटस्फोट ऱ्हाऊ द्या साहेब. पोर द्या मला."

"दवाखान्याचा कागद आहे?"

"त्यात घसरली लिवलंय."

"शेजारीण?"

"तिला बी तेच सांगितलं."

काकासाहेबांनी चष्मा काढला. "मग बघितलं कुणी?"

"पुष्पीनं. समदं."

"मग पोरीला काही शिकवू नका. पढवलेलं पोर न्यायाधीशांना लगेच कळतं."

मालननं काही शिकवलं नाही.

आधी शिकवलेलं विसर, हे सांगायचं राहून गेलं.

*

बनुबाई साक्षीला उभी राहिली. मालनच्या हाताकडे बघितलं, खाली बघितलं.

"तीच म्हनली घसरले म्हणून. पर साहेब, इतक्यांदा कुणी घसरतं व्हय?"

"विचारलं तेवढंच सांगा, बाई," न्यायाधीश म्हणाले.

मग न्यायाधीशांनी पुष्पीला एकटीला आपल्या खोलीत बोलावलं. दार लागलं.

बाहेर बाकावर एका टोकाला मालन. दुसऱ्या टोकाला कारभारी, इस्त्रीची टोपी घालून, हातात लेकीसाठी कागदात गुंडाळलेली गुलाबी रिबन.

"माझी पोर हाय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "खोटं बोलायची न्हाई."

"तेवढंच हाय माझ्याकडं," मालन म्हणाली.

*

आत काय झालं ते कागदावर आहे.

आईच्या हाताला काय झालं होतं? विहिरीवर घसरली.
गालाला? चुलीचा जाळ लागला.
कपाळाला? गाईनं शिंग मारलं.
वडील आईला मारायचे का?

इथे कागदावर लिहिलंय : मुलगी बोलली नाही.

हा प्रश्न भाकरी थापताना कधी निघाला नव्हता.

*

हुकूम पंधरा दिवसांनी झाला. छळ शाबित नाही. मालनचा अर्ज फेटाळला. कारभारीच्या अर्जावरून मुलगी त्याच्या ताब्यात. आईनं महिन्यातून एकदा भेटावं.

*

पण त्या दिवशी हुकूम अजून व्हायचा होता. खोलीचं दार उघडलं आणि पुष्पी बाहेर आली. गालात लिमलेटची गोळी. बाकाच्या दोन्ही टोकांकडे बघितलं आणि मालनकडे पळत आली.

"आई, साहेबांनी समदं इचारलं."

"काय इचारलं?"

पुष्पीनं हात वर केला. एक बोट उघडलं. दुसरं. तिसरं.

"वळीनं सांगितलं. एक बी चुकले न्हाई."

काकासाहेब खिडकीकडे वळले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला रिबनचा कागद वाजला.

मालनच्या तोंडाशी शब्द आले. पोरीचा चेहरा उजळलेला होता, कौतुकासाठी थांबलेला. काय झालं ते तिला आज कळलं असतं, तर ते जन्मभर तिच्याबरोबर राहिलं असतं. त्या घरात. त्या विहिरीवर.

मालननं न वळणारा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"शाबास," ती म्हणाली. "शाबास गं माझी बाई."