सुईची दवंडी

गोरोबा आमच्या दारापुढच्या चौकात उभा राहून हलगी वाजवत होता आणि सगळी गल्ली कानात बोळे घालून बसली होती.

"ऐका हो ऐका. बार्शीकडनं डागदर आल्यात. चावडीवर बसल्यात. पटकीची सुई टोचून मिळंल. म्हातारी माणसं, बाया, लेकरं, समद्यांनी यावं. दिवेलागणीच्या आत यावं. उद्या डागदर वाशीला जानार हायती."

त्यानं आणखी एकदा हलगीवर टिपरी मारली आणि वाट पाहिली. समोरच्या पंचाक्षरीचं दार थोडं किलकिलं होतं, तेही लागलं. आत कडी सरकल्याचा आवाज मला ऐकू आला, म्हणजे त्यालाही आलाच असणार.

मी उंबऱ्याच्या आत उभी होते. माझी शांता, जेमतेम तीन वर्षांची, माझ्या पायाला बिलगलेली. खालच्या आळीत लिंबाजीची बायको आदल्या दिवशी पटकीनं उलट्या करायला लागली आणि ऊन उतरायच्या आत गेली. ती ज्या ओढ्यात झरा उपसून पाणी भरायची, तिथंच आम्ही भरायचो. तेव्हापासून शांताला उचकी लागली तरी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे. पोरीला उचलावं आणि चावडीकडं पळत सुटावं, एवढंच मनात होतं. पण मागं पाटावर अव्वा बसल्या होत्या. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई, इरम्मा. त्यांना ओलांडून आमच्या घरातनं मांजर बाहेर जात नव्हतं.

"दार लाव," अव्वा म्हणाल्या.

"अव्वा, सुई हाय म्हणे. शांताला तरी..."

"त्याच्या तोंडची सुई आपल्याला नको. लाव दार."

मी दार लावलं. कडी मात्र घातली नाही.

आता हा गोरोबा कोण, ते सांगायला हवं. आमच्या ईट गावात दवंडी द्यायचं काम त्याच्या घराण्याकडं पिढ्यान् पिढ्या होतं. निजामाच्या राज्यात सरकारी हुकूम भूमहून यायचा, तो उर्दूत. पटवारी चावडीवर बसून तो एकदा वाचायचा. गोरोबा खाली अंगणात उभा राहून ऐकायचा आणि चालता चालता त्याचं आपल्या बोलीत करून घ्यायचा. चौकात आला की आधी "खल्क खुदाका, मुल्क बादशहाका" हे एका दमात उरकायचा, पोरं पाढे उरकतात तसं. मग श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "तर बायांनो, गोष्ट अशी हाय." त्यानंतर हुकूम. कोंडवाड्यातल्या ढोरांचा लिलाव, रॉकेलचं वाटप, लेव्हीची ज्वारी, जे असेल ते. आणि हुकूम संपला की गावची बातमी, ती सरकारनं सांगितलेली नसायची. हरिबाची शेरडी सापडली, सिताबाईचा भाऊ सोलापूरहून आलाय, कुणाचा निरोप असला तर नेऊन पोचवील.

पटवाऱ्यानं एकदा त्याला फैलावर घेतलं. सरकारी हलगीवर शेरडीची बातमी कशाला म्हणून. गोरोबा म्हणाला, "सरकार, शेरडीपायी दारं उघडत्यात. उघडल्यावर मग हुकूम बी ऐकत्यात." पटवारी हसला आणि त्यानं विषय सोडला.

मी त्याच्या दवंडीतनंच मराठी शिकले. हसू नका, खरंच सांगते. माझं माहेर आळंदकडचं, बोलणं सगळं कानडी. लग्न होऊन ईटला आले तेव्हा मला 'पाणी' आणि 'हो' यापलीकडं काही येत नव्हतं. अव्वांचं मराठी भरभर, त्यात निम्मं रागावणं. मालक लाजाळू, चार माणसांत बायकोशी बोलायचेच नाहीत. गोरोबा मात्र सावकाश बोलायचा, आणि एकच गोष्ट गावच्या प्रत्येक चौकात सांगायचा. वरच्या आळीपासून खालच्या आळीपर्यंत आवाज यायचा आणि मी दाराआड उभी राहून पुन्हा पुन्हा ऐकायचे. नवी सून दाराआड उभी असते, हे त्यानं हेरलं होतं. तरुणपणी वाजंत्र्यांबरोबर तो गुलबर्ग्याकडं हिंडला होता, तिथलं थोडं कानडी त्याच्या जिभेवर होतं. एकदा दवंडी झाल्यावर तो आमच्या दाराकडं वळला, "केळ्री अक्का, केळ्री," म्हणजे ऐका हो अक्का, असं म्हणाला आणि सगळा हुकूम त्यानं मोडक्यातोडक्या कानडीत पुन्हा सांगितला. मोकाट ढोरं कोंडवाड्यात घालणार असा हुकूम होता. त्याच्या कानडीत ती ढोरंच आपण होऊन सरकारकडं तक्रार घेऊन चालली होती. सासरी आल्यापासून मी पहिल्यांदा त्या दिवशी मोठ्यानं हसले.

मग माझं मराठीही तसंच झालं. एकदा मी ओसरीवर येऊन सगळ्यांना सांगितलं, "तमाम रयतेला इत्तला देण्यात येते की भाकरी झाली." मालकांना ठसका लागला. अव्वा तोंडाला पदर लावून किती वेळ हसत होत्या. गोरोबाला मी अहोजाहो करायचे, ते मात्र त्यांना खपायचं नाही. "हलगीवाल्याला कुनी अहो म्हनतं का?" मी म्हटलं, "ज्यानं भाषा शिकवली तो गुरू, अव्वा." आम्ही लिंगायत, आमच्या घरात गुरू हा शब्द लई जड. अव्वांच्या कपाळावरची आठी मात्र गेली नाही.

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या त्या उन्हाळ्यातलं सांगायचं तर जीभ रेटत नाही. एक लारी आली. बंदूकवाले होते. त्यांची नावं घेऊन तोंड कशाला कडू करू. त्यांनी गोरोबाला चावडीपुढं उभं केलं, पाठीला बंदुकीची नळी लावली आणि दवंडी द्यायला लावली. "चावडीवर या. धान्याची गोष्ट हाय. कुनाला धक्का लागनार न्हाय." गोरोबानं हाक दिली म्हणून माणसं गेली. दुसरा कुणी ओरडला असता तर चिटपाखरू फिरकलं नसतं. तिकडं चावडीवर गड्यांना मारलं आणि इकडं उघडी घरं धुऊन नेली. आमच्या मालकांच्या उजव्या हातावर बंदुकीचा दस्ता बसला. हाड वाकडंच जुळलं. तेव्हापासून दुकानात तागडी धरायची ती डाव्या हातानं.

लारीवाले निघून गेले. शिव्या द्यायला गावात गोरोबा तेवढा उरला.

तो एकदा आमच्या दुकानापुढं आला होता. रस्त्यातच उभा राहिला. म्हणाला, "अप्पा, पाठीला नळी व्हती. म्या भ्यालो. न्हाय म्हनत न्हाय." मालकांनी वर पाहिलं नाही. डाव्या हातानं ते डाळ पुड्यात बांधत होते, ती सांडत होती, पुन्हा भरत होते. गोरोबा बराच वेळ थांबला आणि गेला. महालिंगप्पाचा, म्हणजे आमच्या मालकांचा, हात मोडला म्हणून गावात कुणी गोरोबाला बोल लावला तरी मालक त्यात पडायचे नाहीत, की त्याची बाजूही घ्यायचे नाहीत. त्यांच्या मनात काय आहे, ते मलाही कळत नव्हतं.

मग पावसाळ्याच्या शेवटी नवं सरकार आलं. चावडीवर झेंडा लागला. गोरोबानं 'मुल्क बादशहाका' सोडून दिलं. गल्लीची दारं मात्र हलगी वाजली की लागायची. त्याचा शब्द नासला होता, आणि आता गावात पटकी शिरली होती.

दुपार झाली तरी चावडीवर एक माणूस गेलं नव्हतं. मी दाराच्या फटीला डोळा लावला, तर गोरोबा येत होता आणि त्याच्यामागं डॉक्टर. तरणा पोरगा, वैतागलेला, हातात पेटी. गोरोबा चौकाच्या मधोमध मातीत मांडी घालून बसला, हलगी बाजूला ठेवली आणि बाही वर सारली.

"हितंच द्या, साहेब. समद्यांना दिसंल असं."

"हे नाटक कशाला?" डॉक्टर म्हणाले.

"नाटकच हाय म्हना. द्या."

डॉक्टरांनी सुई टोचली. गोरोबानं तोंड जराही वाकडं केलं नाही. मग तो बंद दारांकडं तोंड करून बोलला, हलगी न वाजवता.

"बगा. म्या हितनं हालत न्हाय. सांजंपत्तोर मेलो तर तुमी येऊ नका. जगलो तर या."

"अरे, ताप येईल तुला," डॉक्टर हळूच म्हणाले. "घरी जाऊन पड."

"पडलो तर मेला म्हनतील, साहेब. तुमी व्हा म्होरं."

डॉक्टर चावडीकडं गेले. गोरोबा बसून राहिला. प्रत्येक दाराच्या फटीत डोळा होता, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो अधूनमधून बोलायचा. "हरिबा, तुझी म्हस वढ्यात बसलीया, हाकलून आन." "सिताबाई, वाळवन आत घ्या, कोंबड्या शिरल्यात." कुणी ओ दिली नाही. कोंबड्या खुशाल वाळवण टिपत राहिल्या.

ऊन कलायला लागलं तसे त्याचे खांदे हलू लागले. आधी मला वाटलं, खोकतोय. मग दिसलं, थंडी भरलीय. दात वाजत होते. पंचाक्षरी दाराआडून म्हणाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "चढलं बगा सुईचं ईख."

आता कुणी येत नाही, माझ्या पोरीला सुई मिळत नाही, आणि हा माणूस इथं उगाच मरतोय, असं वाटलं.

"ईख न्हाय," गोरोबा म्हणाला. शब्द तुटून येत होते. "ताप येतो... डागदर सांगूनच गेल्यात... ईख न्हाय." तो एका बाजूला कलला, हात टेकला आणि पुन्हा सरळ बसला. पुन्हा कलला, पुन्हा बसला. मी उठले आणि तांब्या भरला.

"कुठं निघालीस?" अव्वांनी विचारलं.

"पाणी द्यायला."

अव्वा पाटावरून उठल्या आणि माझ्या हातातला तांब्या त्यांनी काढून घेतला. मला वाटलं, आता ओतून टाकतात. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, दार उघडलं आणि चौकात गेल्या. अशा भर चौकात उभ्या राहिलेल्या अव्वा मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. गोरोबानं ओंजळ धरली. अव्वांनी वरून पाणी सोडलं. त्याची ओंजळ इतकी थरथरत होती की निम्मं पाणी मातीत जात होतं. पण त्यानं मान हलवून पुरे म्हणेपर्यंत अव्वांनी धार थांबवली नाही.

"गोरोबा, माझ्या लेकाचा हात गेला," अव्वा म्हणाल्या.

"व्हय, अव्वा."

"त्याची माफी म्या देनार न्हाय."

"मागत बी न्हाय, अव्वा."

"मग ह्ये सांग. सुई खरी का?"

"खरी."

अव्वा त्याच्या तोंडाकडं पाहत राहिल्या. मग मागं न वळता मला म्हणाल्या, "पोरीला उचल."

मी शांताला काखेत मारलं आणि त्यांच्यामागं चावडीकडं निघाले. इरम्मा नातीला घेऊन चालली, हे फटींतल्या डोळ्यांनी पाहिलं आणि एकेक कडी निघायला लागली. शांतानं सुई टोचल्यावर असा काही सूर लावला की मला हसूही आवरेना आणि रडूही आवरेना.

माणसं येऊ लागली तसा गोरोबाही उठला आणि भिंती धरत धरत चावडीपर्यंत आला. खाली लिंबाच्या बुंध्याला टेकून बसला. जो कोणी चावडीवर चढायचा, तो आधी त्याच्यापुढं थांबायचा.

"गोरोबा, खरं का?"

"खरं."

सिताबाईनं विचारलं. हरिबानं विचारलं. पंचाक्षरीनं दोनदा विचारलं, एकदा स्वतःसाठी आणि एकदा बायकोसाठी. लिंबाजी आला, कडेवर आईवेगळं लेकरू. त्यानंही विचारलं. तेव्हा गोरोबानं नुसती मान डोलावली. बऱ्याच वेळानं नुसते ओठच हलायला लागले, पण माणसं तेवढ्यावर पुढं जायची.

डॉक्टर कातावले. "अरे, डॉक्टर मी आहे. मी इथं बसलोय. त्याला काय विचारता?"

कुणी त्यांच्याकडं लक्ष दिलं नाही.

दिवेलागण झाली. डॉक्टर पेटी आवरायला लागले. तेवढ्यात मालक दुकान बंद करून आले. माणसांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. अव्वांनी माझा हात घट्ट धरला.

मालक गोरोबासमोर थांबले. गोरोबानं वर पाहिलं. त्याचे ओठ हलायला लागले, विचारायच्या आधीच.

मालकांनी विचारलं नाही. डाव्या हातानं त्यांनी उजव्या, वाकड्या हाताची बाही वर सारली आणि ते चावडीच्या पायऱ्या चढून डॉक्टरपुढं जाऊन बसले.

तेव्हा कुठं गोरोबा लिंबाखाली निवांत आडवा झाला.