थांबण्याची पाळी

लिमलेटची गोळी कागदाला अशी काही चिकटून बसली होती की नखाने कोरली तरी सुटेना. दोन्ही मनगटांना त्या चालायच्या काठ्या लोंबकळत होत्या, पाठीवर सॅक, सॅकमध्ये तांदळाची पाकिटं — वजनाची सवय व्हावी म्हणून श्रीरंगने स्वतःच्या हाताने भरलेली — आणि निर्मळच्या केळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या रस्त्यावर विनया चालता चालता त्या एवढ्याशा गोळीशी झगडत होती. क्षणभर थांबली असती तर निघालीही असती गोळी. पण थांबायचं कसं? पुढच्या वळणावर श्रीरंग उभा होता, घड्याळाकडे बघत, तिची वाट बघत... शेवटी तिने कागदासकट गोळी तोंडात टाकली आणि कागद जिभेनेच सोडवत चालत राहिली.

ती त्याच्यापाशी पोचली. तो म्हणाला, "चला."

आणि निघाला.

सकाळपासून हे असंच चाललं होतं. तो भराभर पुढे जायचा, एखाद्या झाडाखाली नाहीतर रस्त्याकडेच्या क्रुसापाशी थांबायचा, पाणी प्यायचा, घाम पुसायचा, ताजातवाना व्हायचा. आणि ती धापा टाकत पोचली रे पोचली की त्याची विश्रांती संपायची. म्हणजे विश्रांती सगळी त्याची, आणि वर सोसायटीतल्या लोकांना सांगायला मोकळा — मी दर वळणावर हिच्यासाठी थांबतो. खोटं नव्हतं ते. थांबतच होता. पण त्याच्या थांबण्यात आपल्याला थांबायला जागाच नाही, हे त्याला कसं समजवायचं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर समजवायचं तरी कुठल्या तोंडाने? समोर कायम ती पाठ. महाबळेश्वरला तीच, लेकीच्या शाळेच्या रांगेत तीच, सासऱ्यांना दवाखान्यात नेतानाही तीच. मी या माणसाचा चेहरा जास्त बघितला की पाठ, हा हिशेब कुणी मांडला तर...

मुळात ती भिंत तिची होती. लेकीने, क्षितिजाने, इंग्लंडहून फोटो पाठवला होता: हिरव्या टेकड्यांवरून चढत-उतरत जाणारी, रोमन लोकांनी बांधलेली, कुठे खांद्याइतकी तर कुठे नुसती दगडांची ओळ उरलेली जुनी भिंत. एका समुद्राकडून दुसऱ्या समुद्राकडे जाते म्हणे, आणि लोक तिच्या कडेने दिवसचे दिवस चालतात, वाटेतल्या गावांमध्ये मुक्काम करत. विनया तेव्हा ओट्यापाशी उभी होती. फोटोकडे बघत ती म्हणाली, "मला हे चालायचंय."

'मला'ने सुरू होणारी वाक्यं तिने आयुष्यात फारशी उच्चारली नव्हती. विमा कंपनीतली नोकरी, मग निवृत्ती, मधल्या काळात बाकीच्यांचं काय हवं-नको ते. म्हणून ते वाक्य बाहेर पडल्यावर तिलाच जरा लाजल्यासारखं झालं होतं. आणि श्रीरंगने ते वाक्य, बाजारातून येताना तिच्या हातातली जड पिशवी घ्यावी तसं, न विचारता, प्रेमानेच, काढून घेतलं. बूट तो घेऊन आला. काठ्या तो घेऊन आला. नकाशा छापून दिवाणखान्यात त्यानेच चिकटवला. "आम्ही भिंत चालणार आहोत," असं तो दूधवाल्यालासुद्धा सांगू लागला. आणि गेल्या आठवड्यात जेवताना, कोशिंबीर वाढून घेता घेता, 'आम्ही'तून तिला अलगद वगळून मोकळा झाला.

"तिथे सामानाची गाडी असते गं. चालणाऱ्यांच्या बॅगा पुढच्या मुक्कामाला नेऊन ठेवते. ड्रायव्हरशेजारी बसायलाही मिळतं म्हणे. मी चालतो, तू गाडीने ये. तुझ्या गुडघ्याला कशाला ताण?"

गुडघा. बाथरूममध्ये पाय घसरून दुखावलेला तो गुडघा आता घराच्या चर्चेत तिच्यापेक्षा मानाने बसत होता. आपण सामान आहोत का, असं विचारायचं तिच्या अगदी ओठावर आलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "आधी चालून तर बघू दे मला."

"बघ की. निर्मळहून वसईच्या किल्ल्यापर्यंत, आणि मग किल्ल्याचा समुद्राकडचा तट. तेवढं जमलं तर पुढचं बोलू."

ही ती परीक्षा होती. आज संध्याकाळी क्षितिजाचा फोन येणार होता — मुक्कामाच्या खोल्या आणि ती गाडी ठरवायला — आणि तेव्हा विनया भिंतीवर की गाडीत, हे सांगायचं होतं. परीक्षक पुढे चालले होते.

गिरीजला कार्मिन आपल्या अंगणाच्या फाटकात उभी होती. विनयाच्या ऑफिसातली जुनी मैत्रीण, टेबलाला टेबल लागून बसलेली. तिने हाक मारून थांबवलंच.

"अगं विनया, एवढं वजन घेऊन कुठे निघालीस? ये ना, बस, चहा टाकते."

विनयाने पुढे बघितलं. श्रीरंग पुढच्या वळणावर पोचला होता, आणि हात वर करून घड्याळ दाखवत होता.

"नको गं. ते थांबलेत."

"थांबू दे की. आमचा थॉमस तर मिस्साला जातानापण पुढे पळतो. मी चर्चमध्ये पोचते तेव्हा त्याच्या अर्ध्या प्रार्थना झालेल्या असतात." कार्मिन हसली. "मी पण आता मुद्दाम सावकाश जाते."

विनयाही हसली, पण बसली नाही, आणि पुढे कितीतरी वेळ स्वतःवरच चरफडत राहिली. एक कप चहा. कोण खाऊन टाकणार होतं मला? मुद्दाम सावकाश जाणं ही काय अवघड गोष्ट आहे? पण तिला ते कधी जमलं नव्हतं. कुणी वाट बघतंय म्हटलं की तिचे पाय आपोआप उचलले जायचे, गुडघा असो नाहीतर नसो.

पापडी मागे पडली, वसई गावातला बाजार, रिक्षा, कोर्टाजवळची गर्दी मागे पडली, आणि किल्ल्यात शिरून तटावर चढेपर्यंत उन्हाने डोकं ठणकायला लागलं होतं. गुडघा दुखत होता, पण वाटला होता तितका नाही. हे तिने मनातल्या मनातही हळूच म्हटलं, कुणी ऐकून अपशकुन करेल म्हणून. तटावर गवत माजलेलं, दगडांच्या फटींतून उंबर-पिंपळ वर आलेले. एका बाजूला खाडीचा चिखल, सुकत घातलेल्या मासळीचा वास, आणि पुढे... पुढे ती पाठ, बुरुजाच्या वळणामागे दिसेनाशी होणारी.

त्या वळणाच्या अलीकडेच एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं. मुलीचा लांबलचक झगा तटावर पसरलेला, आणि एक पोरसवदा फोटोग्राफर पोटावर आडवा झालेला.

"आंटी, प्लीज, दोन मिनिटं थांबाल का? फ्रेममध्ये येताय. तिकडे साइडला बसा ना जरा."

ती थबकली. कार्मिननंतर आज दुसऱ्यांदा कुणीतरी तिला थांबायला सांगत होतं, आणि या वेळी ती नको होती म्हणून. डोक्यात तिडीक गेली. पण पाय मात्र बसले. तोफेसाठी ठेवलेल्या एका झरोक्यापाशी ती टेकली, सॅक उतरवली, आणि सहज त्या झरोक्यातून पलीकडे पाहिलं तर तटाची पुढची बाजू समोरच होती — वळून आलेली, हाकेच्या अंतरावर — आणि तिथे उंबराच्या सावलीत श्रीरंग बसला होता.

तिला वाटलं, बसलाय निवांत.

मग दिसलं की त्याच्या एका पायात बूट नव्हता. तो पाय मांडीवर घेऊन काठीच्या मुठीने तळवा दाबत होता, आणि दर दाबण्याला त्याचं तोंड असं वाकडं होत होतं की तिने नकळत स्वतःचा पाय आवळला. त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी पाण्याशिवाय गिळली. तेवढ्यात वळणावर काहीतरी हललं. त्याने घाईघाईने पाऊल बुटात कोंबलं, काठी धरून ताठ उभा राहिला, घड्याळाकडे बघायला लागला... वळणावरून एक शेळी आली. तो पुन्हा खाली बसला. बूट पुन्हा काढला.

विनया बघत राहिली. आधी त्याचा कळवळा आला. मग लगेच, त्या कळवळ्याच्या पाठोपाठच, सगळं इतकं स्वच्छ दिसलं की तिला हसूच यायला लागलं. गाडी तिच्यासाठी नव्हतीच. खिडकीतून रुमाल टाकून एसटीत जागा धरतात, तशी त्याने तिच्या गुडघ्याच्या नावाने त्या गाडीत स्वतःसाठी जागा धरली होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो चढला असता तिच्याशेजारी — "तुला एकटीला कंटाळा येईल म्हणून." आणि मग जन्मभर, येईल त्या पाहुण्याला: विनयाच्या गुडघ्यामुळे भिंत अर्धी राहिली. नागपूरची बदली त्याने नाकारली ती विनयाला उन्हाळा सोसत नाही म्हणून. गाण्याचा क्लास सुटला तो विनयाला संध्याकाळी एकटं वाटतं म्हणून. मी कधी म्हटलं होतं हे? केव्हा?... तिला कधीच आठवलं नव्हतं, आणि आपलीच स्मरणशक्ती कमी म्हणून तिने ते मान्य करून टाकलं होतं.

फोन वाजला. समोर त्याच्या कानाला फोन, पाऊल अजून हातात. कानात मात्र खणखणीत आवाज. "कुठे राहिलीस? गुडघा धरला का? मी म्हटलंच होतं."

"गुडघा ठीक आहे," ती म्हणाली. "मी गाडीत बसणार नाहीये. क्षितिजाला तसं सांगणार आहे."

त्याने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे बघितल्याचं तिला दिसलं. मग आवाज आला, जरा उतरलेला. "बरं. ये तर आधी."

"तुम्हाला हवं तर तुम्ही बसा," हे तिने म्हटलं नाही. म्हणता आलं असतं. त्या परक्या हिरव्या टेकड्यांवर, समोर कुणाचीही पाठ नसलेली ती भिंत तिला एकदम दिसली, पार आभाळाला टेकेपर्यंत मोकळी, आणि इतका आनंद झाला की त्याची तिला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. जराशी भीती वाटली.

"आंटी, झालं आमचं. जाऊ शकता," फोटोग्राफर म्हणाला.

ती उठली नाही. आत्ता वळण घेतलं की तो पाऊल बुटात कोंबणार, ताठ उभा राहणार, आणि म्हणणार — चला. त्या पायावर. सावकाश बसू दे त्याला. गोळी लागू पडेपर्यंत तरी... विनयाने पाय लांब केले, पाठ दगडाला टेकवली, आणि तिच्या लक्षात आलं की सकाळपासून, सकाळपासून कसलं, एवढ्या सगळ्या वर्षांत वाट्याला आलेली ही पहिली विश्रांती, आणि तीसुद्धा आपण त्याच्या पायासाठी घेतोय. आणि मग तिला असा काही राग आला की, बसूनसुद्धा, धाप लागली.