पडद्यावर चार, बॅटरीत सहा

माझा दादा शर्यतीच्या गाड्या चालवतो असं सांगितलं की लोकांचे डोळे मोठे होतात. विजेच्या गाड्या, असं पुढे जोडलं की ते पुन्हा होते तेवढे होतात. मग कुणीतरी विचारतं, "म्हणजे आवाज नसतो?" नसतो. टायरचा असतो, वाऱ्याचा असतो आणि आमच्या टीमच्या मालकीणबाईंचा असतो. तेवढा आम्हाला पुरतो.

लोकांना वाटतं, जो जोरात जाईल तो जिंकेल. आमच्याकडे जो जोरात जातो तो पस्तिसाव्या फेरीत रस्त्याच्या कडेला उभा राहून बाकीच्यांना जाताना बघतो. प्रत्येक गाडीला सारखीच वीज मोजून मिळते, फेऱ्या एक्केचाळीस, मध्ये चार्जिंग नाही. शेवटच्या रेषेवर बॅटरी बरोब्बर कोरडी करून पोचायचं, ही सगळी कला. एक टक्का उरला तर तेवढा वेग तुम्ही वापरलाच नाही. एक टक्का कमी पडला तर आलात कशाला.

म्हणून पहिल्या पंचवीस फेऱ्यांत प्रेक्षकांनी चहा पिऊन घ्यावा, असं माझं मत आहे. पुढच्या गाडीला वारा कापावा लागतो आणि त्यात वीज जाते; मागच्याला आयती वाट मिळते. त्यामुळे पुढे कुणालाच राहायचं नसतं. बावीस गाड्या ताशी दोनशेच्या वेगात, दारात अडकलेल्या सभ्य माणसांसारख्या, 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत असतात. वळणाच्या साठ मीटर आधी पाय उचलायचा, गाडी नुसती घरंगळू द्यायची, मग ब्रेक दाबायचा. ब्रेक दाबला की मोटर उलटी राबते आणि थोडी वीज बॅटरीत परत येते. पण बॅटरी तापली की ती परत घ्यायला कुरकुर करते, मग तोच ब्रेक तेवढाच दाबूनही गाडी हवी तिथे थांबत नाही, आणि समोर सिमेंटची भिंत असते. हे एका फेरीत चौदा वेळा. दादाचा पाय या कामात फार शहाणा होता. प्रश्न डोक्याचा होता.

मी त्याची एनर्जी इंजिनिअर. ट्रॅकलगतच्या भिंतीपाशी पाच पडद्यांसमोर बसून किती उरलं ते बघायचं आणि त्याला सांगायचं, एवढंच काम. घरीही आमची हीच विभागणी होती. डब्यात बिस्किटं किती उरली हे मला पक्कं माहीत असायचं आणि संपवायचा तो.

मोसमाच्या तिसऱ्या शर्यतीत तो पहिला होता. शेवटच्या फेरीत मागचा अंगावर आला म्हणून त्याने दोन वळणांवर पाय उचललाच नाही. मी कानीकपाळी ओरडत होते. रेषेच्या एकशेऐंशी मीटर अलीकडे गाडी थांबली. तो खाली उतरला आणि गाडी ढकलायला लागला. ढकलायला मनाई आहे हे त्याला माहीत होतं, तरी ढकलत राहिला, आणि शेजारून एकेक करून चौदा गाड्या गेल्या. शेवटी दोन अधिकाऱ्यांनी त्याला दंडाला धरून बाजूला केलं. हेल्मेट घातलेला माझा भाऊ रिकाम्या गाडीशेजारी हात लोंबकळत ठेवून उभा आहे, हे दृश्य मी पुढे सहा महिने डोळे मिटले की बघत होते.

मालकीणबाई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. त्यांचा मूळ धंदा गोदामांचा. माल खराब झाला की त्या आधी गप्प होतात आणि मग माल बदलतात. त्यांचा एक भाचा होता, वय बावीस. रोज आठ तास सिम्युलेटरवर बसून गाडी चालवायचा आणि त्याची वीज कधी संपायची नाही, कारण खुर्ची भिंतीतल्या प्लगला जोडलेली होती. शेवटच्या शर्यतीच्या आदल्या आठवड्यात बाईंनी दादाला ऑफिसात बोलावलं. मीही गेले.

"पहिल्या तिघांत या," त्या म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या वर्षी भाचा."

"बरं, मॅडम," दादा म्हणाला.

दादा एक्केचाळीस वर्षांचा. या वयाच्या ड्रायव्हरला दुसरी टीम फोन करते तो फक्त वाढदिवसाला. गाडीतून उतरला की त्याला दुसरं काहीही येत नाही; त्याला साधं रांगेत उभं राहता येत नाही. तिघांत यायचं, नाहीतर संपलं.

आता रेडिओचं सांगते. आमचा रेडिओ सगळ्यांना खुला असतो. दुसऱ्या टीमा ऐकतात, टीव्हीवरही ऐकवतात. त्यामुळे रेडिओवर खरं बोलणं हा शुद्ध वेडेपणा समजला जातो. प्रत्येक टीमची खोटं बोलण्याची आपली पद्धत असते. आमची मी बसवलेली होती आणि मला तिचा अभिमान होता. दादाच्या स्टिअरिंगवरच्या पडद्यावर शिल्लक दिसते. मी रेडिओवर जो आकडा सांगेन तो त्याने पडद्याशी ताडून बघायचा. जुळला तर खरा. जास्त असला तर तो पुढच्या गाडीच्या कानांसाठी. अशा वेळी दादाने "समजलं" म्हणायचं आणि आणखी जपून चालवायचं, म्हणजे पुढचा घाबरून वाट अडवायला धावतो आणि स्वतःची वीज उधळतो. या पद्धतीवर आम्ही चार शर्यतींत जागा पटकावल्या. एकदा तर पुढचा इतका घाबरला की ट्रॅक सोडून पिटमध्ये, म्हणजे गॅरेजकडेच, शिरला.

शेवटच्या शर्यतीच्या सकाळी मी गॅरेजमध्ये एकटी होते. बाहेर टायर गरम करायच्या ब्लँकेटांची मोजदाद चालली होती. मी लॅपटॉप गाडीला जोडला आणि दादाच्या पडद्यावरचा आकडा दोन टक्क्यांनी कमी दिसेल असं करून ठेवलं. म्हणजे बॅटरीत सहा असतील तर त्याला चार दिसतील. तो तापला, पाय उचलायचा विसरला, तरी दोन टक्के माझ्या पदरात. आणि नाहीच तापला, तर शेवटच्या दोन फेऱ्यांत रेडिओवर सांगायचं, दोन जास्त आहेत, घाल झडप. मला माझंच कौतुक वाटलं. थोड्या वेळाने अधिकारी आले आणि त्यांनी नियमाप्रमाणे गाडीच्या कॉम्प्युटरला सील लावलं. आता शर्यत संपेपर्यंत त्यातलं अक्षरही कुणाला बदलता येणार नव्हतं.

पाच पडदे समोर असून मला एक साधी गोष्ट दिसली नाही. खोटं कसं ओळखायचं ते मीच त्याला शिकवलं होतं, आणि खरं मी त्याच साच्यात ओतून ठेवलं होतं.

शर्यत दादाने दृष्ट लागावी अशी चालवली. सातवा होता, कुणाच्याही भानगडीत पडला नाही. लाल गाडीच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने बावीस फेऱ्या काढल्या. बॅटरीचं तापमान आमच्याकडे बॅटरीवाला बघतो. अबोल माणूस, पडद्यावर विश्वास नाही म्हणून गाडी थांबली की बॅटरीच्या पेटीला हात लावून बघणारा. तोसुद्धा तिसाव्या फेरीला माझ्याकडे बघून मान डोलावून गेला. त्याच्या हिशेबाने हा भावनांचा कडेलोट होता. पुढच्या दोघांची आपसात टक्कर झाली, लाल गाडी तापून मागे पडली, आणि दोन फेऱ्या उरल्या तेव्हा दादा चौथा होता. त्याच्या पुढे निळी गाडी.

निळीची वीज संपत आली होती. हे कळायला पडदा लागत नाही. ती वळणाच्या शंभर मीटर आधीपासून घरंगळत होती, पाहुण्यासमोर शेवटचं बिस्किट उचलावं तशी संकोचून. दादाच्या पडद्यावर चार होते. खरे सहा. चारात दोन फेऱ्या जपून होतात. सहात दोन फेऱ्या पळून होतात, वर निळी गाडी गिळता येते.

मी बटण दाबलं आणि त्याला गाडीच्या नंबराने हाक मारली. "सात नंबर, सहा आहेत."

"समजलं," दादा म्हणाला. आवाजात समाधान होतं. आणि पुढच्या वळणावर त्याने नेहमीपेक्षा दहा मीटर आधी पाय उचलला.

मी पुन्हा बटण दाबलं. "सहा आहेत. खरंच सहा आहेत. पडदा बघू नकोस."

"समजलं."

"पडदा चुकीचा आहे. मी चुकीचा केलाय. जा पुढे."

"समजलं, समजलं." आता तो हसत होता. चार शर्यती आम्ही हेच नाटक केलं होतं, आणि आज मी जरा जास्तच रंगात आले आहे असं त्याला वाटत होतं.

पलीकडे निळ्या टीमच्या इंजिनिअरने हेडफोन कानावर दाबलेला मला दिसला. मालकीणबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. शेवटची फेरी सुरू झाली. मोसमभर रेडिओवर मी त्याला नंबराने हाक मारली होती, कारण कामाच्या ठिकाणी नातं आणायचं नाही असा माझाच हट्ट. आता मी तो सोडला.

"दादा," मी म्हणाले, "आईची शपथ. सहा होते. अजून भरपूर आहे. आईची शपथ घेऊन सांगते, पाय उचलू नको."

त्या शपथेवर पिटमधल्या सगळ्यांनी विश्वास ठेवला. निळीचा इंजिनिअर खुर्चीतून उठला आणि माइकमध्ये ओरडायला लागला. निळी गाडी आतली बाजू अडवून, उरलीसुरली वीज जाळत पळाली. माझ्या शेजारचा मेकॅनिक दादाच्या गाडीकडे बघत म्हणाला, "घे, घे, घे." ज्याच्यासाठी शपथ घेतली होती तो मात्र पाय उचलून, सुरेख, शिस्तीत, घरंगळत आला. निळी रेषेवर पोचली आणि दहा पावलांवर जाऊन बंद पडली. दादा अर्ध्या सेकंदाने तिच्या मागे. चौथा.

तो गॅरेजमध्ये आला तेव्हा खूश होता. चौथा आल्याचं दुःख त्याला होतं, पण वीज पुरवून रेषा गाठल्याचा आनंद त्याहून मोठा होता, हे मला त्याच्या चालण्यातच दिसलं. केस घामाने कपाळाला चिकटलेले. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली.

"काय ॲक्टिंग केलीस," तो म्हणाला. "आईची शपथ! एक क्षण मलाच खरं वाटलं. निळावाला तर गारच झाला असेल. माझ्याकडे असते ना दोन टक्के, आज खाल्लाच असता त्याला."

मला काही सांगायची गरजच पडली नाही, कारण शर्यत संपली की अधिकारी प्रत्येक गाडीला यंत्र जोडतात आणि उरलेली वीज मोठ्या फलकावर लावतात. पहिली गाडी, ०.२. दुसरी, ०.१. तिसरी, ०.०. मग आमची. ३.८.

दादा फलकाकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"दोन मी लपवले होते," मी म्हणाले. "सकाळी. तू तापशील म्हणून."

"माझ्या पडद्यावर शेवटी पॉइंट आठ होते," तो हळूच म्हणाला. "ते मी राखले. पुन्हा ढकलायची वेळ नको म्हणून." त्याने बोटांवर मोजलं. "दोन आणि पॉइंट आठ. एक कुणाचा?"

बॅटरीवाला गाडीखाली काहीतरी शोधायला वाकला. वर येईना. खालूनच म्हणाला, "माझा. बॅटरीतूनच एक कमी दाखवला होता. काळजीपोटी."

मालकीणबाई सगळं ऐकत होत्या. "मी गाडी चालवायला दिली होती," त्या म्हणाल्या. "साठवायला माझ्याकडे गोदामं आहेत." आणि भाच्याला फोन लावत निघून गेल्या. आवाज बिलकूल चढला नव्हता.

दादा टायरांच्या थप्पीवर बसला आणि हातमोजे काढायला लागला. माझ्यावर चिडला असता तर बरं झालं असतं. तेवढ्यात माझा फोन वाजला. आई. ती प्रत्येक शर्यत टीव्हीवर बघते आणि तिला त्यातलं फक्त आमचं रेडिओवरचं बोलणं कळतं. मी स्पीकर लावला.

"माझी खोटी शपथ घेतलीस?" आईने सरळ विचारलं.

"नाही, आई. खरी होती."

"मग हा गेला का नाही पुढे?"

दादाने मान वर न करता सांगितलं, "मला वाटलं, ही खोटं बोलतेय."

"माझी शपथ घेऊन?"

"हो."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता. तिघांना पदकं घालत होते. मग आईने तो बंद केला.

"नोकरी गेली ना तुझी?" तिने विचारलं.

"गेली," दादा म्हणाला.

"बरं झालं," आई म्हणाली. "घरी या दोघं. आणि वाटेत एकमेकांशी काही बोलू नका."