भात्याचा दांडा

आमचे हे पेट्या दुरुस्त करतात. हार्मोनियम असो की चर्चमधला ऑर्गन, भात्यावर वाजणारं काही दिसलं की यांचे पाय थबकलेच. छातीच्या आजारातून उठले तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला. तर या गृहस्थांनी थेट महिनाभराची पायवाट निवडली, जुनी चर्च जोडत जाणारी! चार पायऱ्या चढल्या तरी यांना धाप लागायची. मी सोबत आले ती जीव मुठीत धरूनच.

त्या दुपारी माळावरच्या एका चर्चमधून सूर येत होते. आत चिटपाखरू नाही. ऑर्गनच्या पट्ट्या मात्र आपल्याआपण खाली-वर होत होत्या. मी यांची बाही धरली.

"अहो, चला इथून!"

"अगं, वारा कमी पडतोय त्याला. सूर बघ कसा ढासळतोय," म्हणत हे ऑर्गनमागच्या फळीच्या आडोशाला गेले आणि भात्याचा दांडा दाबू लागले. काय म्हणावं या माणसाला! सूर भरून आला. नको इतका गोड.

मागे जाऊन बघते तर भात्याचं चामडं उभं फाटलेलं. त्यात वारा टिकणं शक्यच नव्हतं. आणि यांचे ओठ निळे.

"भाता फाटलाय, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय गं," हे पुटपुटले. "एवढी ओळ होऊ दे."

मी हाताला धरून खेचलं. दांडा सुटला, सूर तुटला आणि हे धाडकन कोसळले. छाती हलेना. गदागदा हलवलं, हाका मारल्या, काही नाही. मग काय सुचलं देव जाणे, मी दांड्यावर झेप घेतली आणि तो दाबला. सूर उठला, आणि यांनी श्वास घेतला. मी थांबले, तर श्वासही थांबला. पुन्हा दाबला, पुन्हा श्वास. कळायचं ते मला कळलं.

मी दाबत राहिले. यांच्या ओठांवर रंग आला. हे उठून बसले, उभे राहिले.

"अगं, किती मोकळं वाटतंय! चल, निघू या."

माझ्या दंडांतलं बळ ओसरत होतं. फार भीती वाटत होती. तरी रडू गिळलं आणि नेहमीसारखी खेकसले, "तुम्ही व्हा पुढे! ओळ संपली की आलेच."

पिशवी पाठीवर टाकून हे शीळ घालत बाहेर पडले.

पुढे चढ होता. मी दांडा आणखी जोरात दाबला.