भूकंपाची घंटा

सिंधूने नव्या घराची भिंत मुठीने ठोकली. टांगलेला खिळा हलून तांब्याच्या कड्याला लागला. दिवा मिणमिणला, घंटा मात्र गप्प.

"बघ," उंबऱ्याबाहेरून तिची आजी दानम्मा म्हणाली, "भूकंप येऊन जाईल, अन् हिला पत्ता बी लागायचा न्हाई."

भूकंपात दगडी भिंत नवऱ्याच्या अंगावर कोसळली, तेव्हापासून दानम्मा उघड्यावरच निजत होती. सरकारने नवं घर दिलं, तरी थंडीतसुद्धा अंगणातच. सिंधूला लातूरला बारावीच्या क्लासला परतायचं होतं. पण "तू आत निजल्याबिगर मी जानार न्हाई," म्हणून ती हटून बसली होती. आपल्यापायी पोरीचं वर्ष बुडेल, ही भीती दानम्माला खात होती. तरी पाय आत पडत नव्हता. म्हणून सिंधूने ही घंटा जुळवली: जमीन हलली की खिळा कड्याला टेकणार आणि करंट वाहणार.

"मला समजंल असं सांग," दानम्मा म्हणाली. "न समजता मी हिच्या भरवशावर निजनार न्हाई."

"हे चार सेल, अव्वा. दीड-दीड व्होल्टचे, मिळून सहा. घंटेचा अडथळा दहा ओहम. सहाला दहानं भागलं की करंट पॉइंट सहा अँपिअर. तेवढ्यात ती वाजाया पायजे."

"मग वाजंना का?"

सिंधू पेन्सिल चावत बसली. "दार दिसावं म्हणून मधी दिवा घातला ना! त्याचा अडथळा तीस. एकाच वाटेत दोघं, म्हंजी चाळीस. सहाला चाळीसनं भागलं तर... पॉइंट पंधराच!"

"म्हंजी दिव्यानं हिच्या तोंडचा घास पळवला?"

"न्हाई गं, दोघं बी उपाशी. दिवा तरी कुठं नीट लागला?"

दानम्माला हसू फुटलं. "मग दोघी जावांची चूल येगळी कर की."

"तेच करायलेय."

सिंधूने दिव्याला आणि घंटेला वेगवेगळ्या वाटा दिल्या. आता दोघांनाही पुरे सहा व्होल्ट. तिने भिंत ठोकली. घंटा अशी खणखणली, की अंगणातली कोंबडी फडफडत पळाली.

"परत एकदा," दानम्मा म्हणाली. मग आणखी एकदा.

त्या रात्री अंथरूण आत आलं. दोघींनीही झोपेचं सोंग घेतलं.

सकाळी सिंधूला एसटीत बसवून दानम्मा घरी परतली. सूप घेऊन डाळ निवडायला बसली. थोड्या वेळाने तिने हळूच भिंतीला पाठ टेकवली. भिंत थंडगार होती. तिने पाठ काढली नाही.